पॅटिओवरचा मांडव

संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते आणि आबा कपाळावर हात आडवा धरून उन्हाकडे बघत बसले होते.

"ही लोकं उन्हात बसायचं पैसं देत्यात?"

उन्हाचे वेगळे पैसे कुणी लावत नाही, पण आबा अगदीच चुकले नव्हते. टोरांटोत जुलैमध्ये जवळजवळ नऊ वाजेपर्यंत सूर्य मावळत नाही, आणि तोवर घरात बसणं म्हणजे पाप असल्यासारखी इथली माणसं वागतात. आपल्याकडे मे महिन्यात हॉटेलात शिरलं की आधी पंखा शोधायचा, मग टेबल. इथे मेपासून सप्टेंबरपर्यंत उलटं. आतली टेबलं रिकामी, बाहेर रांग. कारण नोव्हेंबरपासून पुढचे पाच महिने हीच माणसं कानटोपीतून फक्त नाक बाहेर काढून फिरणार असतात.

'पॅटिओ' म्हणजे हॉटेलची उघड्यावर बसायची जागा. कधी परसात, कधी फुटपाथवर, कधी गाड्या लावायच्या पट्टीत लाकडी फळ्या टाकून. २०२०मध्ये कोविडमुळे आत बसणं बंद झालं, तेव्हा महापालिकेने रस्त्याच्या कडेची लेन हॉटेलवाल्यांना टेबलं मांडायला दिली. लोकांना ते इतकं आवडलं की साथ गेली तरी टेबलं राहिली. सांगलीत हरभट रोडवर कुणी असा प्रयोग केला तर पहिल्या संध्याकाळी टेबलांवर काय काय लावलेलं असेल, याची कल्पना मी करू शकते. दुचाकीच जास्त असतील.

तर आई-आबा पहिल्यांदाच इकडे आलेले. आबांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी उरकून निघाले आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीआधी परत पोहोचायचं, या बोलीवर तिकिटं काढलेली. नायगारा बघून झाला होता. ("पाणी मोप हाय, पण वापरात काय न्हाई.") उंच मनोरा बघून झाला. मग म्हटलं, एक दिवस छान बाहेर जेवू. नवऱ्याने सेंट क्लेअर अव्हेन्यूवरचं एक जुनं इटालियन हॉटेल सुचवलं, ज्याचा पॅटिओ मागच्या परसात आहे.

या भागाला कोर्सो इटालिया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून हजारो माणसं टोरांटोत आली. बरीचशी दक्षिणेकडच्या गरीब खेड्यांतली, आणि आली ती थेट बांधकामावर. रस्ते, घरं, गटारं, बोगदे. १९६०च्या मार्चमध्ये शहराच्या उत्तर भागात जलवाहिनीच्या बोगद्यात आग लागून पाच इटालियन मजूर मेले, त्यानंतर इथले कामगार सुरक्षेचे कायदे बदलले. आणि १९८२मध्ये इटलीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा याच सेंट क्लेअरवर लाखो लोक उतरले होते. हे मी आबांना गाडीतून येताना सांगत होते. आबांनी एकच विचारलं, "आता त्यांची पोरं काय करत्यात?" म्हटलं, घरं विकतात.

मेनूकार्ड आलं आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली. आबा बाहेर सगळं खातात, पण आई माळकरी. इथे शाकाहारी म्हटलं की लोक मान डोलावतात, पण ती मान कुठवर डोलावली ते आपण तपासायचं. वाढणारी पोरगी हसतमुख होती. भाज्यांचं सूप शाकाहारी आहे का? हो. नक्की? हो हो. आत विचारून येता का? आली. म्हणाली, चिकन अजिबात नाही, फक्त पाणी चिकनचं आहे.

आईने शांतपणे विचारलं, "म्हणजे नुसता रस्साच ना?"

आणि चीज ही तर वेगळीच कथा. अस्सल पार्मेजान चीज करताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, आणि त्याच्या मूळ इटालियन नियमांतच ते आहे. म्हणजे वरून पांढरंशुभ्र किसून घातलेलं दिसतं, पण माळकरणीला चालत नाही. दहा वर्षांपूर्वी इकडे आले तेव्हा मला स्वतःला हे माहीत नव्हतं, आणि तेव्हाच्या माझ्या जेवणांबद्दल आईसमोर मी काही बोलले नाही. तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा इकडे येणार असतील तर 'पिझ्झा मरीनारा' हे नाव लक्षात ठेवा. नाव खलाशांवरून पडलंय, पण मासळीचा संबंध नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्हचं तेल, बस्स. चीजच नसतं. फक्त ऑर्डर देताना 'सीफूड नको' असं एकदा बोलून घ्या, कारण काही हॉटेलांत मरीनारा म्हणून भलतंच येतं.

आईला ती आवडली. तिचं खरं मन मात्र कापोनाटावर बसलं. कापोनाटा म्हणजे सिसिलीची वांग्याची भाजी. तळलेलं वांगं, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह, वर व्हिनेगर आणि साखर, काही ठिकाणी बेदाणे. थंडच वाढतात, पावाबरोबर. आईने घास घेतला, डोळे बारीक केले, दुसरा घेतला.

"चिंच-गुळाचं वांगं केलंय की. पण वांगं कृष्णाकाठचं न्हाई. साल बघ किती जाड."

कृष्णाकाठचं नाही हे मान्यच. त्या वांग्याची चव आठवली की मला अजूनही इथल्या दुकानातली चकचकीत जांभळी वांगी उचलायचा कंटाळा येतो. आबांनी आपल्या पानातला एक बेदाणा काट्याने बाजूला काढला, चिमटीत धरला, उजेडात फिरवला. काळा, बारका, सुरकुतलेला. "उन्हात वाळवलाय. डिपिंग न्हाई, शेड न्हाई." आमच्याकडे बेदाण्यासाठी द्राक्षं आधी द्रावणात बुडवतात, ते डिपिंग, आणि मग शेडमध्ये सावलीत वाळवतात. आबांनी तो खाऊन टाकला. निकाल काय दिला ते कळलं नाही.

टेबलावर मिरची घातलेल्या तेलाची बाटली होती, ती आईने जवळजवळ संपवली. या हॉटेलचं कुटुंब मूळचं कालाब्रियाचं. इटलीच्या बुटाच्या नकाशात पंजाचा भाग येतो ना, तो. तिथली माणसं इटलीत तिखटखाऊ म्हणून ओळखली जातात. पोरगी मोकळी बाटली घेऊन गेली, भरलेली घेऊन आली आणि आमच्याकडे जरा आदराने बघू लागली.

साडेआठला आबांचा फोन वाजला. तिकडे सकाळचे सहा. ताईचा रोजचा मेसेज. ताईचं घर सांगलीत कर्नाळ रोडला आहे, त्यामुळे पावसाळ्यात आमच्या घरात 'शुभ सकाळ' येत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते येतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ला ते सत्तावन्नच्या वर गेलेलं आम्ही विसरलेलो नाही. "बावीस फूट. कोयनेचं दरवाजं बंदच हायत," आबांनी जाहीर केलं, फोन खिशात टाकला, पाठ मागे टेकली आणि वर बघितलं.

मग त्यांचं जेवणातलं लक्ष संपलं.

आमच्या डोक्यावर लोखंडी पाइपांचा मांडव होता आणि त्यावर द्राक्षाची वेल. मी या हॉटेलात तिसऱ्यांदा आले होते. दोन वेळा मी त्या वेलीखाली बसून फोटो काढले होते. आबा खुर्चीवरून उठून बुंध्यापाशी गेले.

"ह्यो येल कुणी लावलाय?"

खोड मांडीएवढं जाड, साल सुटलेली. आबांनी खालून वर असं बघितलं जसं ते दुसऱ्याच्या बागेत शिरल्यावर बघतात, तोंडाने काही न बोलता आणि चेहऱ्याने सगळं बोलून. मग सुरू झालं. काड्या मोप झाल्यात. बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतले फुटवे, काढलेल्याच न्हाईत. पानावर पान चढलंय, वारा कुठनं खेळणार? घडाला ऊन लागत न्हाई. त्यांनी एक घड हातात घेतला. मणी हरभऱ्याएवढे, हिरवेगार. एक मणी अंगठ्याने चोळला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. पांढरी पूड.

"भुरी."

मी म्हटलं आबा, बसा, लोक बघतायत. लोक बघतच होते. कोपऱ्यातल्या टेबलावर एक ऐंशीच्या पुढचे म्हातारबाबा पांढऱ्या शर्टात एकटेच कॉफी पीत बसले होते. ते उठले आणि काठी टेकत सरळ आमच्याकडे आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते मालकाचे वडील निघाले, आणि वेल त्यांनीच लावलेली.

पुढची वीस मिनिटं मी दुभाषी म्हणून उभी होते आणि माझी गरज कुणालाच नव्हती. म्हातारबाबांचं इंग्रजी मोडकं, आबांचं त्याहून. आबांनी दोन बोटांची कात्री करून बगलफूट दाखवली. बाबांनी कमरेवर हात ठेवून आपली पाठ दाखवली. म्हणजे, आता वाकवत नाही, चढवत नाही. आबांनी पांढरा अंगठा पुढे केला. बाबांनी मान हलवली, आबांचा दंड धरला आणि त्यांना स्वयंपाकघराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीकडे घेऊन गेले. मी मागोमाग. आत एक जुना पिंप होता, आतून बाहेरून निळ्या डागांचा.

"व्हर्देरामे," म्हातारबाबा म्हणाले.

"मोरचूद!" आबा जवळजवळ ओरडले.

मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो मिश्रण, वेलीवर फवारायचं बुरशीचं औषध. फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांतून १८८५च्या सुमारास ते जगभर गेलं आणि तासगावच्या बांधावरही पोहोचलं. आमच्या लहानपणी आबांच्या शर्टांवर असेच निळे डाग असायचे, आणि आई ते शर्ट वेगळे धुवायची. पण मोरचूद चालतं केवडा नावाच्या दुसऱ्या बुरशीवर. भुरीला गंधक लागतं. आबांनी ते कसं समजावलं असेल? खिशातून काडेपेटी काढली, एक काडी ओढली आणि धूर बाबांच्या नाकाखाली धरला. बाबा हसायला लागले. "सोल्फो, सोल्फो!" आता काडेपेटीत नेमकं किती गंधक असतं हे मला विचारू नका. निरोप पोहोचला.

आमच्याकडे एक पीक घ्यायला वर्षातून दोनदा छाटतात, हे मात्र बाबांना पटेना. इथे हिवाळ्यात वेल आपोआप झोपते, वर बर्फ पडतो, मार्चच्या आसपास एकदा छाटली की झालं. आपल्याकडे वेलीला झोपच नाही, म्हणून कात्रीने तिला दोनदा सांगावं लागतं. बाबांनी दोन बोटं दाखवून विचारलं, दोनदा? आबांनी दोन बोटं दाखवली. बाबांनी वेलीकडे असं बघितलं जणू तासगावच्या वेलींची त्यांना दया आली.

आम्ही टेबलाकडे परतलो तोवर नवऱ्याने एकट्याने तिरामिसू संपवलं होतं. अंडं असतं म्हणून आईला चालणार नव्हतं, आणि साताऱ्याच्या माणसापुढे गोड फार वेळ टिकत नाही. आता काय, कंदी पेढ्यापुढे हे काहीच नाही असं म्हणत म्हणत खाल्लं.

बिलाची गोष्ट थोडक्यात. चौघांचं जेवण एकशे अठ्ठेचाळीस डॉलर. त्यावर तेरा टक्के कर. मग पोरगी कार्डाचं मशीन हातात देते, आणि मशीन विचारतं, टीप किती, अठरा, वीस की बावीस? पोरगी समोर उभी असते आणि झाडांकडे बघत असल्याचं दाखवते. सगळं मिळून दोनशेला टेकलं. आबांना आकडा सांगायचा नाही असं आमचं ठरलेलं, पण त्यांनी मशीनवर वाकून बघितला. डॉलरला साठ-बासष्ट रुपये, चार किलोच्या पेटीला दोनशेचा भाव, असा हिशोब त्यांनी तिथल्या तिथे केला.

"साठ पेट्या," ते म्हणाले. "साठ पेट्या जेवलो आपण."

ऑगस्टअखेर ते परत गेले. जायच्या आधी दोन रविवार नवऱ्याला गाडी काढायला लावून त्या हॉटेलात गेले, जेवायला नव्हे, सकाळी दहाला, कात्री घेऊन. मी आत गेले नाही. नवरा सांगत होता, एकानं शिडी धरायची, एकानं खालून ओरडायचं. आणि शिडी धरणारा तो.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी दुपारी सहज तिकडे गेले. म्हातारबाबांनी मला ओळखलं आणि न विचारता कागदी पिशवीभर द्राक्षं हातात दिली. काळीभोर, जाड सालीची, आत बिया. साल दाताखाली सुटून येते आणि वास असा की पिशवी बंद असली तरी गाडीभर पसरावा. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले. दुसऱ्या दिवशीपासून छाटणी धरायची होती, आबा मजुरांना फोन करून दमले होते. मी घड कॅमेऱ्यापुढे धरला. कशी आहेत, गोड आहेत का, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"ब्रिक्स किती भरली, इचार."

ब्रिक्स म्हणजे द्राक्षाच्या रसातल्या साखरेचं माप. मी विचारायच्या आत म्हातारबाबांनी तो एक शब्द पकडला होता. त्यांनी फोनपुढे एक बोट धरलं, मग दोन्ही हातांची मिळून आठ.

"अठरा?" आबा म्हणाले. "घाई केली. आणखी चार दिस थांबायला पायजे होतं."