तुम्ही विचारलंत म्हणून : डिप्रेशनला ती गोळी कशाला?

“तुम्हाला डिप्रेशनच होतं ना? मग डॉक्टरांनी वेडावरची गोळी का दिली?” हा प्रश्न मला भिशीत विचारलाय, माहेरी विचारलाय, एकदा तर रिक्षात बसल्या बसल्या विचारलाय. परवा विचारणारी बाई रडत होती. तिच्या वीस वर्षांच्या मुलाला तीच गोळी, अ‍ॅरिपिप्राझोल, लिहून दिली होती आणि तिनं ती पाकिटासकट कचऱ्यात टाकली होती. म्हणून नीट सांगते.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. आजारी पडले तेव्हा भाकरी थापायला बसायचे आणि पीठ परातीतच वाळून जायचं. आधी एक औषध झालं, दोन महिन्यांनी बदलून दुसरं. त्यानं रडू थांबलं, झोप लागायला लागली. पण शेंगाचटणी खाल्ली काय, माती खाल्ली काय, सारखंच. लेकीनं दहावीचा निकाल दाखवला तर “बरं” एवढंच तोंडातून आलं. तिचा उतरलेला चेहरा मला दिसत होता, तरी आत काही हललं नाही.

तेव्हा डॉक्टरांनी चालू औषधाला जोड म्हणून अ‍ॅरिपिप्राझोल दिलं, 2 मिलिग्रॅम. दुकानातला मुलगा चार माणसांसमोर म्हणाला, “हे स्किझोफ्रेनियाचं आहे, पेशंट कोण?” मी पैसे दिले, घरी आले आणि ते पाकीट ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवलं. नऊ दिवस तिथंच होतं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांना सरळ विचारलं, “मला वेड लागलंय का?” त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “गोळीच्या गटाचं नाव अँटिसायकोटिक आहे, ते तुमच्या आजाराचं नाव नाही.” स्किझोफ्रेनियात हीच गोळी साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम देतात, कधी 30 पर्यंत. डिप्रेशनच्या औषधानं पुरेसा उतार पडला नाही की त्याला जोड म्हणून ती कमी मात्रेत देतात. अमेरिकेत 2007 साली या वापराला रीतसर मान्यता मिळाली. 2009 मध्ये याच गटातल्या क्वेटियापिन या गोळीच्या एका प्रकारालाही.

ती काम कशी करते, हे मला माझ्या पद्धतीनं समजलं. माझे वडील यंत्रमागावर होते. ताणा सैल पडला की सूत गुंततं, फार ओढला की तुटतं. मागावरचा माणूस दोन्हीकडून सांभाळतो. ही गोळी मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं तसंच काहीसं करते, जास्त असेल तिथं दाबते, कमी असेल तिथं थोडा आधार देते, असं मानतात. सगळ्यांना लागू पडत नाही. मला पडली. तिसऱ्या आठवड्यात फोडणीतल्या लसणाचा वास आला आणि मी गॅससमोर उभी राहून रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

आता दुसरी बाजू, आणि ही मला कुणी विचारतच नाही. मात्रा 5 वर नेली आणि चौथ्या दिवशी माझे पाय माझे राहिले नाहीत. खुर्चीत बसले की उठावंसं वाटायचं, उठले की चालत सुटावंसं. रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालत होते. ह्यांना वाटलं आजार वाढला. मलाही तेच वाटलं, आणि त्या रात्री नको ते विचारही आले. तो आजार नव्हता, गोळीचा परिणाम होता. त्याला अकाथिसिया म्हणतात. सकाळीच फोन केला, मात्रा परत 2 वर आणली, आठवड्याभरात पाय शांत झाले. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती. म्हणून मी भेटेल त्याला सांगते: असं झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

या गटातल्या काही गोळ्यांनी वजन, साखर, चरबी वाढते. माझ्या आईला मधुमेह आहे, त्यामुळं उपाशीपोटी साखर आणि कंबरेचं माप मी डायरीत लिहिते. फार काळ घेतल्यावर क्वचित ओठ-जीभ आपोआप हलायला लागतात, आणि कधी कधी ते गोळी थांबवूनही जात नाही. म्हणून “किती दिवस?” हा प्रश्न दर वेळी विचारायचा. मनानं बंद मात्र करायची नाही.

त्या बाईला सांगितलंय, चिठ्ठी शोधून ठेव. चोविशीपर्यंतच्या मुलांकडे अशा औषधांच्या सुरुवातीला जास्त लक्ष ठेवावं लागतं, आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हेही तिला स्पष्ट बोलले. रात्री-अपरात्री काही वाटलं तर फोन करायला टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय. सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आहे. तिघं मिळून डॉक्टरांकडे जाणार आहोत.