रविवार, दुपारचे तीन आणि बेल्जियमची छोटी मैदानं

बेल्जियमचा फुटबॉल म्हटलं की लोकांना अँडरलेख्ट आणि क्लब ब्रुगसारखे मोठे क्लब आठवतात, मला मात्र आठवतं ते चिखलाने भरलेलं मैदान, सिमेंटच्या फळ्यांचं कुंपण, त्याच्यामागे पॉपलरची रांग आणि रेलिंगवर गावातल्या खाटकाची जाहिरात. गेली काही वर्षं जमेल तेव्हा रविवारी मी अशाच एखाद्या मैदानावर असतो. प्रोव्हिन्शियल लीग, म्हणजे प्रांताप्रांताच्या लीग, अगदी तळातल्या. मॅच दुपारी तीनला, तिकीट पाच-सहा युरो, तेही दारात टेबल टाकून बसलेल्या आजोबांकडून.

या लेव्हलला फेडरेशन फक्त एक रेफरी पाठवतं. लाइन्समन दोन्ही क्लबांनी आपापले द्यायचे, त्यामुळे झेंडा घेऊन पळणारा माणूस बहुतेक वेळा कुणाचा तरी बाबा नाहीतर काका असतो, आणि ऑफसाइड दिला की समोरच्या क्लबचे लोक त्याला नावाने हाक मारून जाब विचारतात, कारण ते त्याला लहानपणापासून ओळखतात!

हाफटाइमला सगळे आत. आत म्हणजे क्लबच्या बारमध्ये. फ्लँडर्समध्ये, म्हणजे डच बोलणाऱ्या उत्तरेत, त्याला कान्टिने म्हणतात, वलोनियात, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या दक्षिणेत, ब्युव्हेट, पण आतलं दृश्य सारखंच, आधी टोकन घ्यायची, मग बिअर, बाहेर फ्रिट्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, नाहीतर कांदा घातलेला हॅम्बर्गर, भिंतीवर जुन्या टीमचे फोटो. मैदान काय, कुठेही बघता येतं, पण क्लब कसा आहे ते इथेच कळतं, बार सांभाळणारी बाई आणि कोपऱ्यात पत्ते खेळणारी चार माणसं यांच्याकडे नुसतं बघत बसलं तरी. पैसाही इथूनच उभा राहतो. बार, टॉम्बोला म्हणजे लकी ड्रॉ, स्पॅगेटीची संध्याकाळ, शिंपल्यांचं जेवण, त्यातून मुलांच्या टीमचे बॉल आणि जर्सी येतात.

मला सगळ्यात आवडते ती इथली स्टामनुमरची पद्धत. 1926 पासून प्रत्येक क्लबला रजिस्ट्रेशनचा एक नंबर आहे. 1 नंबर अँटवर्पचा, 4 नंबर आरएफसी लीएजचा, म्हणजे 1896 साली देशाचा पहिला चॅम्पियन झालेल्या क्लबचा. लोक हा नंबर स्कार्फवर लावतात. पन्नास वर्षं झाली की क्लबला नावात रॉयल लावायची परवानगी मागता येते, म्हणून पाचशे लोकांच्या गावातला क्लबसुद्धा रॉयल असतो आणि मला ते अगदी बरोबर वाटतं.

पण क्लब एकत्र होतात, माणसं कमी, पैसे कमी, आणि मग एक नंबर राहतो, दुसरा कायमचा जातो. लीएजचं दुःख वेगळं, त्यांचा नंबर राहिला पण नव्वदच्या दशकात लीएजच्याच रोकूर भागातलं जुनं वेलोड्रोम स्टेडियम गेलं, त्या जागी सिनेमाचं मल्टिप्लेक्स आलं. वीसेक वर्षं टीम दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत फिरली आणि 2015 मध्ये कुठे रोकूरला परत आली. ज्याच्या केसमुळे 1995 मध्ये अख्ख्या युरोपचे ट्रान्सफरचे नियम बदलले तो बॉसमन याच क्लबचा खेळाडू होता.

ब्रसेल्समध्ये वेळ मिळाला तर बॉइट्सफोर्टचं त्र्वा तियेल स्टेडियम बघाच. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेलं, हजारो लोक उभे राहतील एवढ्या पायऱ्या, भोवती झाडं, आणि मी गेलो तेव्हा त्या सगळ्या पायऱ्यांवर मिळून साठ-सत्तर माणसं. मी मॅचपेक्षा त्या पायऱ्याच बघत होतो. इतके लोक येतील असं ज्यांना वाटलं होतं त्यांचा विश्वास अजून तिथे सिमेंटमध्ये आहे.

दक्षिणेकडे एनो प्रांतात मैदानाच्या मागे टेकड्या दिसतात त्या खऱ्या टेकड्या नाहीत, कोळशाच्या खाणींतून निघालेल्या मातीचे ढीग आहेत, इथले लोक टेरील म्हणतात. 1946 च्या करारानंतर इटलीहून हजारो माणसं या खाणींत आली, 1956 मध्ये मार्सिनेलच्या खाणीतल्या दुर्घटनेत 262 जण मेले, त्यात 136 इटालियन. टीमच्या यादीत आजही इटालियन आडनावं भरपूर असतात, आणि बेल्जियमच्या टीमचा जुना स्टार एंझो शिफो याच प्रांतातल्या ला लूव्हिएरचा. नंतरचा स्टार एडन हझार्ड, त्याची सुरुवातही इथलीच, ब्रेन-ल-कोंतच्या छोट्या क्लबात.

प्रॅक्टिकल सांगायचं तर रविवारी गावाकडची बस फार कमी असते, तेव्हा परतीची वेळ आधी बघा आणि हिवाळ्यात निघण्याआधी मॅच आहे ना ते तपासा. एकदा मी दोन ट्रेन आणि एक बस बदलून पोचलो तर मैदानात पाणी, मॅच रद्द, पण कान्टिने उघडं होतं. बारमागच्या काकूंनी विचारलं, "एवढ्या लांबून आलात? बसा, सूप गरम आहे." मग त्यांनी 1970 च्या दशकातला टीमचा फोटो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला आणि एकेकावर बोट ठेवून सांगायला लागल्या, हा माझा नवरा, हा त्याचा भाऊ, हा गोलकीपर तो अजून मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला येतो. पाचची बस चुकली, सातच्या बसने आलो.