‘परवानगी लागत नाही’ एवढं लिहून घ्यायला पाच महिने

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स समितीच्या ऑफिसात आवकचा शिक्का मारता मारता तिथल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सर, तुम्ही बॉटनीचे ना? झाडाला कशाला एथिक्स?"

तेव्हा हसू आलं होतं. नंतर पाच महिने आलं नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या प्रथम वर्षाची बहुतेक पोरं शेतकऱ्यांची. मागच्या ऑगस्टमध्ये मी वर्गात एक साधा प्रश्न लिहून दिला: बांधावरच्या आंब्याचं खोड दोघांना उचलत नाही, एवढं वजन त्यात आलं कुठून? माती, खत, पाणी की हवा? 64 पैकी 9 जणांनी हवा, म्हणजे बरोबर उत्तर, लिहिलं. बारावीपर्यंत प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण सगळ्यांनीच घोकलेलं, तरी ही गत. एक जण तर उठून म्हणाला, "सर, हवेतून वजन येत असतं तर आमच्या बापानं डीएपीची पोती कशाला वाहिली असती?"

याला पटकन उत्तर देता येत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के, आणि वाळल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं, हे पोराच्या गळी उतरवणं सोपं नाही. हेल्माँट नावाच्या माणसानं सतराव्या शतकात कुंडीत विलोचं झाड 5 वर्षं वाढवलं. झाड चांगलं 70 किलोच्या वर वाढलं, माती मात्र जेमतेम 57 ग्रॅम कमी झाली. मग वजन मातीतून आलं नाही हे त्याला कळलं, पण ते पाण्यातून आलं असं त्यानं ठरवून टाकलं. म्हणजे तोही चुकलाच. माझी पोरं काही वाईट संगतीत नव्हती.

असल्या गोष्टींचा कुणी रीतसर अभ्यास करतं का, हे शोधताना सेबर सापडली. सोसायटी फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ बायॉलॉजी एज्युकेशन रिसर्च, अमेरिकेतली, 2010 पासूनची. जीवशास्त्र शिकवणारेच तिथं जमतात आणि पोरांना जीवशास्त्र कसं कळतं, कुठं अडतं, हे प्रयोगशाळेतल्या प्रश्नासारखं पुराव्यानिशी तपासतात. याच विषयाला वाहिलेलं ‘सीबीई लाइफ सायन्सेस एज्युकेशन’ हे नियतकालिकही तेव्हाच हाती लागलं, आणि ते फुकट वाचायला मिळतं. आपल्याकडं मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र अशी कामं करतं, पण बॉटनीच्या किती मास्तरांना ते ठाऊक आहे? मला नव्हतं. वाचन, आराखडा, प्रश्नांचं मराठी, हे सगळं मजेत झालं.

मग त्या नियतकालिकाच्या सूचना वाचल्या. विद्यार्थ्यांवरचं संशोधन म्हणजे माणसांवरचं संशोधन. कोणत्या एथिक्स समितीनं मंजुरी दिली किंवा सूट दिली ते लिहा.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं उघडली तर आनंदच झाला. ओळख न जोडलेल्या, नगण्य जोखमीच्या कामांना सूट मिळू शकते, आणि उदाहरणांत शिकवण्याच्या पद्धतींची तुलना चक्क नावानं दिलेली. म्हटलं, सुटलो! पण सूट आपली आपण घ्यायची नसते. सूट आहे की नाही, हे समितीच ठरवते. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकसाठी आमच्या कॉलेजात कागदोपत्री सत्तावीस समित्या आहेत. ही नेमकी नाही.

शेवटी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजची समिती बाहेरचे प्रस्ताव घेते असं कळलं. एसटीनं अडीच तास. अर्ज प्राचार्यांमार्फतच हवा, म्हणून पहिली खेप वाया. दुसऱ्या खेपेला बारा प्रती, प्रत्येक पानावर सही. अर्ज सगळा औषधांच्या चाचण्यांसाठी बनवलेला. डोस किती? रक्त किती मिली घेणार? रुग्ण दगावल्यास भरपाई कोण देणार? मी एकोणीस ठिकाणी ‘लागू नाही’ लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले, "एवढं लागू नाही तर अर्ज तरी कशाला करता?" (रिकामी जागा मात्र सोडू नका. एक चौकट रिकामी राहिली म्हणून माझा गठ्ठा एकदा परत आलाय.)

ऑक्टोबरची बैठक कोरम नाही म्हणून पुढं गेली. नोव्हेंबरची का गेली ते कुणी सांगितलं नाही. फोन केला की "साहेब राउंडला आहेत." डिसेंबरमध्ये एकदाचं बोलावलं. दोन तास बाकड्यावर, मग आत दहा मिनिटं.

पहिलाच प्रश्न: माहिती गोळा झाली का? मी अभिमानानं सांगितलं, हो, 64 उत्तरपत्रिका तयार आहेत. खोलीत शांतता. मग एक मॅडम सावकाश म्हणाल्या, "सर, झालेल्या कामाला आम्ही मागून मंजुरी देत नाही."

ते 64 कागद तिथंच बाद झाले. डीएपीवाला पोरगासुद्धा. तुम्ही यातलं काही करणार असाल तर आधी समिती, मग वर्ग, हे या सगळ्या लिखाणाच्या वर लिहायला पाहिजे होतं. राग आठवता आठवता राहून गेलं.

दुसरा प्रश्न जास्त लागला. तुम्हीच शिकवता, इंटर्नलचे मार्क तुम्हीच देता, मग पोरगं तुम्हाला नाही कसं म्हणेल? मी म्हणालो, आमची पोरं तशी नाहीत. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून विचार केला, तेव्हा कळलं की मॅडमचं बरोबर होतं. आमची पोरं अगदी तशीच आहेत. ‘सर’ म्हणाले की सही करून मोकळी. मग असं ठरवलं की संमतीपत्रं झूलॉजीच्या सरांनी घ्यायची, लिफाफा सील करायचा आणि इंटर्नलचे मार्क गेल्यावरच मी तो उघडायचा. ही युक्ती अर्जातच लिहा, एक बैठक वाचेल.

अजून एक. प्रथम वर्षात सतरा वर्षांची पोरं असतात, जन्मतारखा आधी बघा. त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि पोराची स्वतःची लेखी तयारी, असे दोन कागद लागतात. माझ्या वर्गात असे अकरा निघाले. मराठी संमतीपत्र मी इंग्रजीवरून उतरवलं होतं, त्यात ‘सहभागीस कोणतीही इजा होणार नाही’ असं वाक्य. ते वाचून एका मुलीच्या वडिलांचा रात्री नऊला फोन: "सर, पोरीला कशाचं इंजेक्शन देऊलालाव?" दुसऱ्या दिवशी ते वाक्य काढलं आणि साधं लिहिलं: एक कागद देऊ, त्यावर वीस मिनिटं उत्तरं लिहायची, मार्क नाहीत. अर्थात बदललेला मसुदा पुन्हा समितीकडं. पुन्हा बारा प्रती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. चार ओळी. सदर प्रस्ताव पुनरावलोकनातून सूट देण्यास पात्र आहे, वगैरे. स्टाफरूममध्ये मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. चहा माझ्याकडून झाला.

पत्र हातात पडलं की तारीख बघून घ्या. माझ्या पत्रावर जानेवारीच होता, पण साल जुनं पडलं होतं. त्या हिशेबानं मला सूट मिळाली ती अर्ज करायच्या सात महिने आधी. ते साल दुरुस्त करून आणायला पुन्हा अडीच तास एसटी. भाऊसाहेबांनी ओळखलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "काय सर, झाडं बरी आहेत ना?"