सासूबाईंच्या दाढा आणि नेरूळच्या रांगा

दात दुखतोय अशी तक्रार आईंनी (माझ्या सासूबाई, वय 74) कधी केलीच नाही. आधी त्यांनी शेंगदाण्याचा लाडू सोडला, मग काकडी किसून मागायला लागल्या, आणि गणपतीनंतर तर भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय घास जाईना. वजन उतरलं म्हणून रक्त तपासलं, ते ठीक आलं. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारली. खालच्या दोन दाढांची नुसती खुंटं उरली होती आणि पुढच्या दातांना हिरडीलगत काळे खड्डे.

ऐरोलीतल्या एका दवाखान्यात तपासायला पाच मिनिटं लागली आणि इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या दाताचा) खर्च सांगायला वीस. त्यात मेडिक्लेमवाले म्हणाले, अपघात नसेल तर दाताचं काही मिळणार नाही. मग शेजारच्या काकूंनी डेंटल कॉलेज सुचवलं. नवी मुंबईत ही कॉलेजं बरीच आहेत: नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे. आम्हाला ठाण्याहून येणारी पनवेल लोकल सोयीची, म्हणून नेरूळ.

"माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता दात कुणाला दाखवायचेत?" असं म्हणत आई निघाल्या, पण साडी मात्र नवी नेसल्या.

तिथे केसपेपर काढला की आधी तपासणी, मग एक्स-रे, मग ज्या त्या विभागाची वेगळी रांग. दात काढायचे एकीकडे, भरायचे दुसरीकडे, कवळी तिसरीकडे. काम शिकाऊ मुलं करतात आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांना शिकवणाऱ्या मॅडम येऊन बघेपर्यंत थांबावं लागतं. वेळ जातो, पैसे वाचतात. आणि ही मुलं बोलतात, हा मोठाच फायदा.

इतकं किडूनही दुखलं कसं नाही, हे मला त्यातल्याच एका मुलीने सांगितलं. वय वाढतं तशी दाताच्या आतली नसेची जागा आकसत जाते, त्यामुळे कीड खोलवर गेली तरी ठणका जाणवेलच असं नाही. हिरड्या खाली सरकतात आणि मुळं उघडी पडतात. मुळावर वरच्यासारखं कडक कवच नसतं, म्हणून तिथे कीड भराभर पसरते. मग तिने गोळ्यांची पिशवी मागितली. बीपीसाठीची लघवीची गोळी आणि रोजची ॲलर्जीची गोळी, दोन्हींनी तोंड कोरडं पडू शकतं. लाळ कमी झाली की दातांचं रक्षणही कमी होतं. त्यात कोरड जावी म्हणून आई दिवसभर लिमलेटची गोळी चघळणार! म्हणजे साखर तोंडात मुक्कामालाच. लिमलेट बंद झाली, सारखं घोट घोट पाणी सुरू झालं, आणि जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट लिहून मिळाली. गोळ्या बदलायच्या का, ते फिजिशियनवर सोडलं.

खरी धाकधूक दाढा काढायची होती. आईंच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) आहे, म्हणून रोज एकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. नात्यातल्या प्रत्येकाने "चार दिवस आधी बंद करा" असा सल्ला दिला. तिथल्या सर्जननी मात्र हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागवली, त्यात स्पष्ट लिहून आलं: गोळी बंद करायची नाही. स्टेंटमध्ये गुठळी होण्यापेक्षा हिरडीतून थोडं जास्त रक्त आलेलं परवडतं, ते बोळ्याने नि टाक्याने थांबवता येतं. आणि थांबलंही. त्या दिवशी आई गार ताक पिऊन झोपल्या.

पुढच्या दातांचे खड्डे दातांच्या सिमेंटने भरले. एका दाताचं रूट कॅनाल झालं, तेवढा वेळ आ वासून बसणं या वयात कठीणच. मध्येमध्ये थांबा म्हणून हात वर करायचं आईंनी ठरवून घेतलं होतं. कवळीसाठी जखम भरेपर्यंत थांबावं लागलं, मग माप, मेणावरचा चावा, ट्रायल.

कवळी आली, तर आई ती लग्नाकार्याला घालायच्या आणि जेवताना काढून डबीत ठेवायच्या! डाव्या बाजूला टोचत होती, पण सांगायला संकोच. विभागात दाखवल्यावर त्यांनी ती जागा घासून दिली; असं दोन-तीनदा करावंच लागतं म्हणे. आता मऊ पोळी नीट चावतात. भाकरीला अजून वेळ आहे, आणि उजवीकडची एक दाढ भरायची राहिलीय, तिची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.