डाळ मिलचा शाफ्ट आणि वाळूजची जाहिरात

माझा भाचा लातूरहून मेकॅनिकलची पदविका घेऊन गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एकाच बायोडाट्याच्या तीस झेरॉक्स प्रती होत्या आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या तिन्ही औद्योगिक वसाहतींत गेटोगेटी एकेक प्रत देत फिरायचे, असा त्याचा बेत होता. नेट कॅफेवाल्याने करून दिलेल्या त्या दोन पानांत वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची, छंद आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असे प्रतिज्ञापत्र होते. सोबत पत्रिका जोडली असती, तर तोच कागद स्थळ पाहायलाही चालला असता.

मी वाळूजमधल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे आणि भरतीच्या दिवसांत अर्ज चाळण्याचे काम बहुधा माझ्या टेबलावर येते. अर्ज हाती घेणारा माणूस उमेदवाराचे चरित्र वाचत नाही. जाहिरातीत मागितलेल्या चार-पाच गोष्टी कागदावर सापडतात का, एवढेच तो शोधतो. हे मला तरी आधी कुठे कळले होते? पहिल्या नोकरीसाठी फिरताना अर्जासोबतच्या पत्रात दुसऱ्याच कंपनीचे नाव तसेच राहिले होते आणि मुलाखतीतल्या साहेबांनी त्याभोवती लाल पेनाने गोल करून कागद माझ्याकडे परत सरकवला होता.

स्पर्धा परीक्षांच्या अर्जाला जाहिरातीप्रमाणे मजकूर बदलण्याचा हा प्रश्न नसतो, कारण तिथे रकाने ठरलेले असतात. आपल्याकडची पुष्कळ मुले वर्षानुवर्षे तेच अर्ज भरत असल्यामुळे, खासगी नोकरीचा अर्जही रकाने भरण्यापुरताच असतो अशी त्यांची समजूत होते की काय, असे मला वाटते.

भाच्याने दाखवलेली जाहिरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेची होती. व्हर्नियर व मायक्रोमीटर ही बारीक मापे घेण्याची साधने वापरता येणे, ड्रॉइंग वाचता येणे, उत्पादन चालू असताना तपासणी, एक्सेलमध्ये नोंदी आणि शिफ्टची तयारी एवढे त्यात मागितले होते. मी प्रत्येक मागणीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि 'यातले तू हाताने काय केले आहेस?' असे विचारले. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मामा, सहा आठवडे डाळ मिलचे पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपात होतो. पण ती काय कंपनी हाय का?"

लातूरला डाळ मिलांची कमी नाही, त्यामुळे त्यांच्या दुरुस्तीची वर्कशॉपेही आहेत. तिथे हा मुलगा रोलरच्या शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा मायक्रोमीटरने मोजत होता, माप ड्रॉइंगशी ताडून वहीत लिहीत होता आणि जास्त निघालेला शाफ्ट पुन्हा ग्राइंडिंगला पाठवत होता. बायोडाट्यात मात्र या सगळ्याबद्दल 'इन-प्लांट ट्रेनिंग पूर्ण' एवढेच शब्द होते. आम्ही त्या जागी लिहिले: 'शाफ्टच्या बेअरिंग सीटचा व्यास ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने मोजणे, ड्रॉइंगमधील मर्यादेशी ताडणे व नोंदी ठेवणे.' ही ओळ पहिल्या पानावर वर गेली. धर्म, उंची आणि क्रिकेट गेले, तेव्हा दोनाचे एक पान झाले.

एक गोष्ट मात्र मी लिहू दिली नाही. मित्राच्या बायोडाट्यावरून त्याने 'जीडी अँड टी'चे, म्हणजे भागाच्या आकारात व जागेत किती फरक चालेल ते ड्रॉइंगवर चिन्हांनी दाखवण्याच्या पद्धतीचे, ज्ञान असल्याचे उतरवले होते. मी कागदावर एक वर्तुळ काढून त्यातून आरपार जाणाऱ्या एक उभी, एक आडवी अशा दोन रेघा ओढल्या आणि हे कशाचे चिन्ह आहे, असे विचारले. ते 'पोझिशन'चे चिन्ह त्याला ओळखता आले नाही, आणि मुलाखतीत ड्रॉइंग समोर ठेवणारा माणूस नेमके हेच विचारतो. एक्सेल त्याला जेमतेम येत होते, म्हणून 'प्राथमिक' हा शब्द तिथे ठेवला.

दोन दिवसांनी शेंद्र्याच्या एका कारखान्याची मेंटेनन्सच्या जागेची जाहिरात आली आणि भाचा उत्साहाने तीच पीडीएफ पाठवायला निघाला. मी त्याला थांबवून पुन्हा पेन्सिल दिली. त्याच वर्कशॉपात त्याने पुलरने जुनी बेअरिंग काढून नवी बसवली होती, व्ही-बेल्टचा ताण लावला होता. त्याच सहा आठवड्यांतून या वेळी बेअरिंग वर आली आणि मायक्रोमीटर खाली गेला.