घर निघाले सिमरोलला

सामान हलवायला मित्रांना बोलावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घरच हलवायचे असेल तर काय सांगून बोलवावे, हा प्रश्न मात्र आमच्या एका मित्राला पडला होता. इंदूरच्या सांवेर रोडवर लोखंडी सांगाड्यात बांधून घेतलेले त्याचे २० फुटी घर खंडवा रोडवर, सिमरोलजवळच्या शेतात न्यायचे होते. होळकरांच्या फौजेबरोबर ज्यांचे पूर्वज राहुट्यांतून इथे आले, त्यांनी फिरत्या घराचे नवल करू नये; तरीही आम्ही सगळे ते पाहायलाच गेलो होतो.

अशा घराचा निम्मा आराखडा रस्ताच काढतो. मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक चालत नाही, म्हणून घर आठ फुटांत बसवावे लागते. अमेरिकेतही खास परवान्याविना न्यायची अशी घरे साडेआठ फुटांच्या आतच ठेवतात. परिणामी पलंग आडवा टाकला की पायथ्याशी जेमतेम एक माणूस निघतो, तोही अंग चोरून.

निघण्यापूर्वी पाण्याची टाकी रिकामी केली, कारण ५०० लिटर म्हणजे अर्धा टन वजन. कपाटांची दारे सुतळीने बांधली, सिलिंडर बाहेर काढला. हायड्रा क्रेनने पट्टे ताणून घर उचलले तेव्हा ते किंचित कलले, आणि आत राहिलेली एक वाटी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घरंगळत गेल्याचे सर्वांना ऐकू आले. ती आणायला वर चढण्याची तयारी कोणीच दाखवली नाही.

बायपासने तेजाजीनगरपर्यंतचा प्रवास निर्वेध झाला. खरी कसोटी शेवटच्या गावरस्त्यावर होती. लोंबणाऱ्या केबलच्या तारा बांबूने उचलता येतात. विजेच्या तारांच्या वाटेला मात्र जायचे नसते, म्हणून तिथे वळसा घेतला. वळणावर आम्ही प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यातून ‘आने दो, आने दो’ ओरडत होतो आणि ड्रायव्हर फक्त आपल्या क्लीनरचे ऐकत होता, हे त्याचे शहाणपणच म्हणायचे.

शेतातले चौथरे पाणसळीने आधीच तपासून ठेवले होते. उरला होता दाराचा प्रश्न: कोणी पूर्व म्हणाले, कोणी उत्तर, वहिनींना टेकडी हवी होती. हायड्राचे भाडे तासावर होते. दार रस्त्याकडे तोंड करून बसले.