एका माथ्यावर तीन स्टेशनं: शेजारच्या १०० वॅटपासून रिसीव्हर वाचवताना

माथा अरुंद, पूर्व-पश्चिम जेमतेम ८० मीटर. त्यावर तीन हौशी रेडिओ स्टेशनं लावायची होती: ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) १०० वॅटचं फोन, म्हणजे बोलणं, २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) एफटी८, म्हणजे संगणकाने पाठवलेले छोटे डिजिटल संदेश, आणि तिसरा फक्त ऐकणारा एसडीआर, म्हणजे संगणकावर चालणारा रिसीव्हर, लांब तारेवर. अशा जागी रिसीव्हरला सगळ्यात मोठा धोका आपल्याच मंडळींच्या अँटेनाचा असतो. १०० वॅट म्हणजे अधिक ५० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). हॅकआरएफ वन या एसडीआरला इनपुटवर चालतं जास्तीत जास्त उणे ५ डीबीएम. मधली तफावत ५५ डेसिबलची. ती एवढ्याशा माथ्यावर नुसतं लांब बसून भरून निघत नाही.

सुरुवात मांडणीपासून केली, कारण तिला पैसा लागत नाही. डायपोलच्या, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या सरळ तारेच्या अँटेनाच्या, टोकांच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो. म्हणून ४० मीटर बँडचा २० मीटर लांब डायपोल पश्चिम टोकाला, २० मीटर बँडचा १० मीटर लांब डायपोल पूर्व टोकाला, दोन्ही एका रेषेत, मध्ये ५० मीटर मोकळे. एसडीआरच्या तारेला मात्र मधलीच जागा उरली आणि झाडांमुळे ती ४० मीटरच्या डायपोलला जवळपास समांतर गेली. समांतर तार ही सगळ्यात वाईट मांडणी. तुमच्याकडे जागा असेल तर ही तार काटकोनात न्या.

यानंतरचं काम कुणीही टाळू नये: रिसीव्हर जोडण्याआधी त्याच्या केबलवर किती व्होल्टेज येतंय ते मोजणं. केबलच्या टोकाला रिसीव्हरऐवजी ५० ओहमचा लोड लावा. १०० ओहमचे दोन अर्ध्या वॅटचे कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की झालं. वायरवाउंड नकोत, त्यांत इंडक्टन्स असतो. लोडवर ऑसिलोस्कोपचा १०× प्रोब लावा आणि शेजारच्या स्टेशनला मोकळी फ्रिक्वेन्सी बघून, कॉलसाइन देऊन, फक्त ५ वॅटवर कॅरियर, म्हणजे आवाजाविना नुसती लहर, द्यायला सांगा. ५ वरून १०० वॅट म्हणजे पॉवर २० पट, व्होल्टेज ४.४७ पट.

एसडीआरच्या तारेवर ५ वॅटला शिखर ते शिखर २ व्होल्ट आले. म्हणजे १०० वॅटला ८.९ व्होल्ट, ५० ओहममध्ये ०.२ वॅट, अधिक २३ डीबीएम. २० मीटर बँडच्या डायपोलवर, तो एका रेषेत असल्यामुळे, ०.६ व्होल्ट आले. १०० वॅटला २.७ व्होल्ट, साधारण अधिक १२.५ डीबीएम. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवरच घ्यायचा होता. स्कोप नसेल तर १एन५७११ शॉटकी डायोड, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि मल्टिमीटर पुरतो. वाचन खऱ्या शिखरापेक्षा साधारण पाव व्होल्टभर कमी येतं.

२० मीटरच्या स्टेशनला कोॲक्स केबलच्या तुकड्याने वाचवलं. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी, आरजी-५८ केबलचा ०.६६ वेगगुणक (प्रकाशाच्या तुलनेत केबलमधला वेग) धरून, ६.९७ मीटर होते. टोक उघडं ठेवून हा तुकडा टी-कनेक्टरने फीडलाइनला (अँटेनाच्या केबलला) जोडला की ७.१ ला तो शॉर्टसारखा वागतो आणि १४.२ ला जणू नसतोच. आरजी-५८ च्या लॉसमुळे शॉर्ट पूर्ण होत नाही, तरी २५ डेसिबलच्या आसपास घट मिळते. सुरुवातीला ७.२ मीटर कापा आणि नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्रावर सिग्नलचा खड्डा कोणत्या फ्रिक्वेन्सीला येतो ते बघत छाटत जा. १० सेंटिमीटरला साधारण १०० किलोहर्ट्झ सरकतो. फोम इन्सुलेशनच्या केबलचा वेगगुणक वेगळा असतो, तिथे ६.९७ चा आकडा चालणार नाही. स्वतः १४ वर १०० वॅट पाठवताना उघड्या टोकावर सुमारे १०० व्होल्टचं शिखर येतं, तेव्हा ते टोक टेपने नीट गुंडाळा आणि ओल्या गवतात टाकू नका.

तेवढ्याच लांबीचा दुसरा तुकडा, टोक शॉर्ट केलेला, ४० मीटरच्या ट्रान्समीटरच्या आउटपुटला लावला. तो ७.१ सोडतो आणि त्याचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, १४.२ वरचा नको असलेला सिग्नल, जमिनीला घालतो. हा भाग लोक विसरतात. ट्रान्समीटरचा हार्मोनिक आणि रुंद पसरलेला नॉइज थेट तुमच्याच बँडमध्ये पडत असेल, तर रिसीव्हरकडचा कुठलाही फिल्टर तो काढू शकत नाही. तो उगमापाशीच अडवावा लागतो.

एसडीआरचं प्रकरण अवघड, कारण त्याला सगळेच बँड ऐकायचे. त्याच्यासाठी लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवर सिग्नल पुढे न जाऊ देणारं सर्किट, केला: तारेकडून सिरीजमध्ये १२ व्होल्ट ५० मिलिॲम्पचा तंतूचा छोटा दिवा, मग जमिनीकडे उलटसुलट दोन साखळ्या, प्रत्येकीत दोन १एन४१४८. एकेक डायोड लावला तर मर्यादा साधारण अधिक ७ डीबीएमला बसते, दोन-दोन लावले तर अधिक १३ ला. रिसीव्हरची सहनशक्ती पाहून निवडा. अधिक १३ ज्याला झेपत नाही, त्याच्या आणि लिमिटरच्या मध्ये १० डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारे रेझिस्टर, द्या: दोन ९६ ओहम जमिनीला, मध्ये ७१ ओहम. त्यानंतरही अधिक ३ उरतात, म्हणून उणे ५ वाल्या हॅकआरएफला असे दोन लागतील.

दिवा शोभेला नाही. त्याचा थंड रेझिस्टन्स २५ ओहमच्या आसपास, तापल्यावर २४० पर्यंत. एक वॅट आत आलं तर दिव्याशिवाय डायोडमधून ३७० मिलिॲम्पचं शिखर जातं, तापलेल्या दिव्यासह ६५ च्या घरात. दिव्याविना डायोड जळून शॉर्ट झाला तर निदान आवाज बंद पडतो आणि कळतं. ओपन झाला तर रिसीव्हर उघडा पडतो आणि काहीच कळत नाही. थंड दिव्यामुळे दोनेक डेसिबल जातात, पण एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) बाहेरचाच नॉइज इतका असतो की ते जाणवत नाहीत.

संध्याकाळी लिमिटरचा दोष दिसला. ७.२ मेगाहर्ट्झच्या वरची प्रसारण केंद्रं जोरात येऊ लागली, डायोड अर्धवट वाहू लागले आणि ४० मीटरभर खोटे सिग्नल उमटले. ७.२५ आणि ७.३० मिसळून ७.२० वर तिसरंच केंद्र बोलायला लागतं, ते असं. बाकीच्या बँडवर ऐकताना उपाय एकच: ऐकायच्या बँडचा बँडपास फिल्टर, म्हणजे फक्त तोच बँड आत सोडणारा, लिमिटरच्या आधी. क्रम असा ठेवा: तार, गॅस डिस्चार्ज ट्यूब, फिल्टर, लिमिटर, रिसीव्हर. ९० व्होल्टची गॅस ट्यूब आणि तिला समांतर १०० किलोओहम फक्त तारेवर साठणाऱ्या स्थिर विजेसाठी. शेजारच्या ट्रान्समीटरचे ९ व्होल्ट तिला दिसतच नाहीत. ढग गडगडले की केबल काढून तंबूबाहेर टाका आणि माथा सोडा.

शेजाऱ्याच्याच बँडवर ऐकायचं असेल तर फिल्टर निरुपयोगी. तिथे रिले लावा. वीज नसताना रिसीव्हरचं इनपुट तारेपासून तुटलेलं आणि जमिनीला शॉर्ट, वीज असेल तेव्हाच अँटेना जोडलेली, अशी जोडणी ठेवा. म्हणजे बॅटरी उतरली किंवा कंट्रोल वायरला कुणाचा पाय अडकला तरी इनपुट सुरक्षित राहतं. रिले सुटायला काही मिलिसेकंद घेतो, म्हणून ट्रान्सीव्हरच्या मेनूतला टीएक्स डिले (प्रसारण सुरू होण्याआधीचा थांबा) २० ते २५ मिलिसेकंद करा.

हातातला वॉकी-टॉकीही कमी नाही. एसडीआरला व्हीएचएफची छोटी अँटेना लावलेली असेल आणि मीटरभर अंतरावर कुणी ५ वॅटवर पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं, तर इनपुटवर अधिक २० डीबीएमच्या आसपास पोचू शकतं. टेबलापासून दहा पावलं लांब जाऊनच बोलायचं आणि पॉवर अर्ध्या वॅटवर ठेवायची, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा.

दर काही तासांनी एक तपासणी करा: अँटेना काढा, परत लावा. १० ते ३० मेगाहर्ट्झमध्येही नॉइज स्पष्ट वाढला पाहिजे. सगळ्या बँडवर सारखाच बहिरेपणा आला असेल तर आधी लिमिटर सुटा करून मल्टिमीटरच्या डायोड मोडवर बघा: दोन्ही दिशांना सव्वा व्होल्टच्या आसपास यायला हवं. शून्य आलं तर शॉर्ट, एका दिशेला काहीच नाही तर ती साखळी तुटलेली. मग दिव्याची कंटिन्युइटी. हे सगळं ठीक असेल तरच रिसीव्हरच्या प्रीॲम्पवर संशय घ्या. सुटे दिवे चार आणि डायोड दहा पिशवीत असू द्यात.